साधा स्विच

नवीन फ्लॅटचं काम काढलेल्या एका मित्राचा परवा फोन आला. तपकीर गल्लीतल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानाबाहेर उभा होता. आत जाऊन म्हणाला, "आठ पोर्टचा स्विच दाखवा." दुकानदाराने विचारलं, "मॉड्युलर की साधा?" आणि भिंतीवरच्या बटणांचे दोन बोर्ड समोर ठेवले. मित्र बाहेर आला आणि थेट मला फोन लावला. "तूच सांग रे आता, कोणता घेऊ?"

मी नेटवर्किंगमधला तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. पोटापाण्यासाठी कोड लिहितो. पण कॉम्प्युटरशी संबंध असलेला माणूस म्हणजे प्रिंटर, राउटर, टीव्ही आणि शेजारच्या काकांचा मोबाईल असं सगळं दुरुस्त करणारा, हा आपल्याकडचा नियमच आहे. त्यामुळे उत्तर देणं भाग होतं. म्हटलं, "आठ पोर्टचा, गिगाबिट, पंखा नसलेला, अनमॅनेज्ड घे. आणि उरलेले पैसे वायरीत घाल."

तो म्हणाला, "अनमॅनेज्ड? तू तर इतकी वर्षं मॅनेज्डचे गोडवे गायचास!"

गायचो खरा. का थांबलो ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितोय.

मुळात हा डबा लागतो का, तिथून सुरुवात करू. दोन मोबाईल, एक लॅपटॉप आणि दोन खोल्या एवढाच संसार असेल तर नाही लागत. राउटरच्या पाठीमागे तीन-चार पोर्ट असतात, तेवढे पुरतात. पण घरून काम करणारी दोन माणसं, एक टीव्ही, एखादा डेस्कटॉप, फोटो साठवायला एक नॅस (म्हणजे नेटवर्कवर टांगलेली हार्ड डिस्क) आणि आतल्या बेडरूममध्ये वायफाय पोचत नाही म्हणून तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट, अशी यादी झाली की पोर्ट संपतात. त्यात आपल्या आरसीसीच्या भिंती. ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दोन भिंती ओलांडता ओलांडता अर्धमेला होतो आणि २.४ गिगाहर्ट्झवर अख्खी सोसायटी एकाच वेळी बोलत असते. "मग मेश घे की," असं लोक सांगतात. जरूर घ्या. पण मेशचे डबे एकमेकांशी हवेतूनच बोलणार असतील तर शेवटी तीच हवा वाटून घ्यायची आहे. त्यांना वायरने जोडा, मग बघा कसे शहाण्यासारखे वागतात ते.

हवा वाटून घेणं म्हणजे काय, हे समजायला जुनी चाळ डोळ्यांसमोर आणा. स्विचच्या आधी हब नावाचा प्रकार असायचा. हब म्हणजे चौकात उभं राहून "जोश्यांचं पत्र!" असं ओरडणारा माणूस. ऐकायचं सगळ्यांनी, पत्र घ्यायचं फक्त जोश्यांनी. दोघे एकदम ओरडले की कुणालाच काही कळत नाही, मग दोघांनीही गप्प बसायचं, थोडा वेळ थांबायचं आणि पुन्हा ओरडायचं. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत १९७३ साली बॉब मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेट सुरू केलं तेव्हा ते असंच एका सामायिक केबलवर चालायचं.

स्विच म्हणजे पोस्टमन. हा पोस्टमन हुशार आहे, त्याला कुणी यादी द्यावी लागत नाही. कुठल्या दारातून कुणाचं पत्र बाहेर पडतंय हे बघून तो आपल्या वहीत नोंद करतो, "जोशी, दार क्रमांक तीन." पुढच्या वेळी जोश्यांचं पत्र आलं की सरळ तिसऱ्या दारात. नाव वहीत नसेल तर एकदा सगळी दारं ठोठावतो. कुणी काही काळ, साधारणपणे पाच मिनिटं, गप्प बसलं तर नोंद खोडूनही टाकतो. एवढंच आहे त्याचं काम. जोशी आणि कुलकर्णी पत्रापत्री करत असताना पाटील आणि देशपांडेही करू शकतात, कुणीच कुणाला अडवत नाही. वायफायमध्ये मात्र नवीन पिढ्यांनी बरीच सुधारणा केली तरी मूळ मामला अजून चौकातल्या ओरडण्याचाच आहे.

जाता जाता एक गंमत. पहिला मल्टिपोर्ट इथरनेट स्विच १९९० साली बाजारात आला, सात पोर्टचा, आणि तो काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचं नाव होतं 'कल्पना'. संस्थापकांपैकी एक होते विनोद भारद्वाज, त्यांनी पत्नीचं नाव कंपनीला दिलं. १९९४ साली सिस्कोने ती विकत घेतली. मला हे कळलं तेव्हा उगाचच अभिमान वगैरे वाटला. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "बघ, लोक बायकोचं नाव देतात. तू काय दिलंस?"

तिच्या या प्रश्नाला इतिहास आहे. तर आता माझं पाप.

काही वर्षांपूर्वी लॅमिंग्टन रोडवर भटकताना एका दुकानात जुना, चोवीस पोर्टचा मॅनेज्ड स्विच दिसला. कुठल्याशा ऑफिसातून निघालेला, लोखंडी, रॅकमध्ये बसवायचा. मॅनेज्ड म्हणजे ज्याच्या आत लॉगिन करून प्रत्येक पोर्टने कसं वागायचं हे ठरवता येतं असा. अनमॅनेज्डमध्ये असलं काही नसतं, वायरी खोचायच्या आणि विसरून जायचं. घरात माझ्या एकूण नऊ वायरी. नऊ वायरींना चोवीस पोर्ट म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण हौसेला मोल नसतं. घेऊन आलो. चालू केल्यावर त्याच्या पंख्यांचा असा आवाज झाला की स्वयंपाकघरातून प्रश्न आला, "मिक्सर कुणी लावला?" मग तो माळ्यावर गेला.

पुढचे तीन-चार रविवार मजेत गेले. व्हीलॅन केले. व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचच्या पोटात पाडलेल्या वेगवेगळ्या खोल्या, एका खोलीतल्याला दुसरीतलं दिसत नाही. ऑफिसचे लॅपटॉप एका खोलीत, टीव्ही आणि कॅमेरा दुसरीत, पाहुणे तिसरीत, माझे प्रयोग चौथीत. त्याचा सुंदर रंगीत नकाशा काढला आणि तो माझ्याच लॅपटॉपवर ठेवला. ऑफिसात मित्रांना दाखवला, वाहवा झाली.

ज्यांनी असले स्विच हाताळलेत त्यांच्या लक्षात आलं असेल पुढे काय झालं ते. या स्विचमध्ये चालू सेटिंग वेगळं असतं आणि साठवलेलं वेगळं. बदल केला की लगेच लागू होतो, सगळं छान चालतं, पण शेवटी 'सेव्ह' असं वेगळं सांगावं लागतं. मी शेवटचं सेव्ह केलं होतं तीन आठवड्यांपूर्वी, काम अर्धवट असताना. एका सकाळी वीज गेली आणि आली. माळ्यावरचा प्लग इन्व्हर्टरवर नव्हता. स्विच उठला तो तीन आठवड्यांपूर्वीच्या जगात. त्या जगात बायकोच्या टेबलाचं पोर्ट अशा खोलीत होतं, जिला इंटरनेटकडे उघडणारं दारच अजून पाडलेलं नव्हतं.

मी तेव्हा बंगळूरच्या विमानात, फोन बंद. तिचा अकरा वाजता इंटरव्ह्यू होता, शेवटची फेरी. स्विचचा दिवा हिरवा, कॉम्प्युटरवर "कनेक्टेड", आणि पान एकही उघडत नाही. तिने वायर काढून लावली. राउटर दोनदा बंद-चालू केला. स्टुलावर चढून माळ्यावर बघितलं तर तिथे चोवीस पोर्ट, नऊ वायरी आणि एकावरही नाव नाही. वायफायवर जावं तर अ‍ॅक्सेस पॉइंटही त्याच स्विचला लटकलेला. वीस मिनिटांनी तिने मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून कॉल जोडला, तो दोन वेळा तुटला. नोकरी मिळाली नाही. स्विचमुळे मिळाली नाही असं ती कधीच म्हणाली नाही. मीही विचारलं नाही.

संध्याकाळी फोनवर मी तिला समजावत होतो की बिघाड असा काही नव्हताच, फक्त सेव्ह करायचं राहिलं होतं. ती ऑडिटमध्ये काम करते. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "हे चालायला तू घरात असावा लागतोस ना? मग तोच बिघाड आहे. तुझ्या कंपनीत एखादी सिस्टिम फक्त एका माणसाला कळत असेल तर आम्ही रिपोर्टमध्ये काय लिहितो माहितीये?"

माहितीये. आणि मी स्वतः टीममध्ये नव्या पोरांना हेच ऐकवत असतो. डॉक्युमेंट करा, तुम्ही उद्या रजेवर गेलात तर काय. घरी मात्र मीच सगळ्या किल्ल्या खिशात घालून फिरत होतो.

मी परत आलो तेव्हा चोवीस पोर्टवाला बाल्कनीत होता. त्याच्या जागी आठ पोर्टचा एक छोटा डबा होता, कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरच्या दुकानातून तिने स्वतः आणलेला. प्रत्येक वायरीवर चिकटपट्टी लावून बॉलपेनने लिहिलेलं: टीव्ही. माझं टेबल. त्याचं टेबल. आत वायफाय. आणि एकीवर: 'राउटर, काढू नये.' माझ्या रंगीत नकाशात नव्हती एवढी माहिती त्या पाच चिकटपट्ट्यांवर होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. घरातला स्विच निवडताना पहिला प्रश्न वेगाचा नाही, पोर्टांचाही नाही. तुम्ही घरी नसताना तो बंद पडला तर घरातलं दुसरं कुणी तो चालू करू शकेल का, हा आहे. या कसोटीवर साधा अनमॅनेज्ड स्विच बसतो. त्याच्यात सेटिंग नाही, म्हणजे हरवायला सेटिंग नाही. पासवर्ड नाही, म्हणजे विसरायला पासवर्ड नाही. अगदी जळलाच तर आई-बाबा कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन "असाच द्या" म्हणू शकतात.

इथे काही वाचकांनी कपाळाला हात लावला असेल याची कल्पना आहे. :-) "अरे पण सुरक्षेचं काय? स्वस्तातला कॅमेरा ऑफिसच्या लॅपटॉपशेजारी बसवायचा?" मुद्दा बरोबर आहे. पण बहुतेक घरांत असले कॅमेरे, बल्ब, स्पीकर वायफायवरच असतात, आणि त्यांना राउटरच्या गेस्ट नेटवर्कवर टाकलं की बरंचसं काम होतं. शिवाय ऑफिसचा लॅपटॉप हा तसाही कॅफेच्या नाहीतर विमानतळाच्या वायफायवर जगायला शिकलेला असतो. तुमच्याकडे सात-आठ वायरवाले कॅमेरे असतील, किंवा घरातच दवाखाना नाहीतर सीएचं ऑफिस असेल आणि लोकांची कागदपत्रं त्या नेटवर्कवर असतील, तर मात्र गोष्ट वेगळी. तिथे व्हीलॅन पाहिजेच, आणि मग ते सांभाळायला तुमच्याशिवाय आणखी एक माणूस आणि भिंतीवर चिकटवलेला कागदही पाहिजे.

आणि शिकायचं असेल तर? जरूर शिका, मीही अजून शिकतोच आहे. बाल्कनीतला चोवीस पोर्टवाला माझ्या टेबलाखाली आला, घरच्या स्विचच्या एका पोर्टातून त्याला वायर दिली आणि माझे सगळे प्रयोग त्याच्या पलीकडे. तो कोसळला तर माझंच नेट जातं आणि घरात कुणाला पत्ताही लागत नाही. फक्त त्याला रात्रंदिवस चालू ठेवत नाही. साधा आठ पोर्टचा स्विच पाच वॅट खातो असं धरलं तर वर्षाला ४४ युनिट होतात. हा धटिंगण माझ्या मीटरवर ५० वॅटच्या आसपास दाखवायचा, म्हणजे वर्षाला सुमारे ४४० युनिट, आणि महावितरणच्या बिलात दर टप्प्याटप्प्याने चढत असल्यामुळे ती युनिटं पडतात वरच्या महागड्या टप्प्यात.

असो. आता खोक्यावर काय वाचायचं ते सांगतो.

सगळ्यात मोठा सापळा 'फास्ट इथरनेट' या शब्दांत आहे. फास्ट म्हणजे १९९५ सालचं फास्ट, १०० एमबीपीएस. असे स्विच अजूनही विकले जातात, नाव ऐकून बरं वाटतं आणि चार-पाचशे रुपये वाचतात. घेऊ नका. खोक्यावर १०/१००/१००० किंवा 'गिगाबिट' असं पाहिजे. फरक किती ते बघा. ५० जीबीची व्हिडिओ फाइल नॅसवर टाकायला गिगाबिटवर साधारण साडेसात मिनिटं लागतात. 'फास्ट'वर सव्वा तास.

याच्या पुढची पायरी २.५ गिगाबिट. त्याचं मानक २०१६ साली आलं आणि आता नवीन मदरबोर्डांवर ते पोर्ट सर्रास दिसतं. घ्यावं का? इंटरनेटसाठी म्हणाल तर तुमचा प्लॅन १०० किंवा ३०० एमबीपीएसचा असताना त्याचा काडीचा उपयोग नाही. व्हिडिओ एडिटिंग करत असाल आणि रोज नॅसवर मोठ्या फाइली ढकलत असाल तर मात्र आहे. गिगाबिटवर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास जातात आणि एक साधी हार्ड डिस्कसुद्धा सलग लिहिताना २०० च्या वर जाऊ शकते, म्हणजे अडथळा वायरीचा होतो. बाकीच्यांनी थांबावं. टीव्हीचं तर सोडूनच द्या, कित्येक नव्याकोऱ्या फोर-के टीव्हींना पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं आणि ओटीटीला तेवढं भरपूर होतं.

"स्विचिंग कपॅसिटी १६ जीबीपीएस" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं त्याने भारावून जाऊ नका. आठ पोर्ट, प्रत्येकी एक गिगाबिट, जाता-येता म्हणून गुणिले दोन. झाले सोळा. म्हणजे आठही पोर्ट एकदम पूर्ण वेगाने चालले तरी स्विच गुदमरणार नाही, इतकंच. याला नॉन-ब्लॉकिंग म्हणतात आणि आजकाल घरगुती गिगाबिट स्विचमध्ये ते गृहीतच धरावं. जे लिहिलेलं नसतं ते महत्त्वाचं: स्विचकडून राउटरकडे जाणारी वायर एकच आहे. तेव्हा ज्या दोन गोष्टी आपापसात जास्त बोलणार, उदाहरणार्थ डेस्कटॉप आणि नॅस, त्या एकाच स्विचला लावा. एक स्विचवर आणि दुसरी राउटरवर असं करू नका.

पोर्ट मोजताना वायरी मोजा आणि तीन वाढवा. पाच पोर्टचा घेतला की एक राउटरला जातं, उरतात चार, आणि वर्षभरात दुसरा घ्यायची वेळ येते. आठचा दीड-दोन हजारांत येतो. पत्र्याच्या डब्याचा मिळाला तर उत्तम, बिनपंख्याच्या स्विचची उष्णता डब्यातूनच बाहेर पडते. आपल्याकडच्या मे महिन्यात आणि बंद कपाटात याला अर्थ आहे. अ‍ॅडॉप्टर किती व्होल्टचा आहे तेही बघून घ्या. राउटरसाठी १२ व्होल्टचे छोटे यूपीएस मिळतात, पण स्विच पाच व्होल्टचा निघाला तर त्या पिनेवर लावून चालणार नाही. वीज गेल्यावर राउटर जिवंत आणि स्विच मेलेला, याचा काही उपयोग नाही.

कॅमेरे किंवा अ‍ॅक्सेस पॉइंट यांना त्याच वायरीतून वीज द्यायची असेल तर पीओईवाला स्विच लागतो, आणि तिथे एकूण वॅट बघायचे. मूळच्या, २००३ सालच्या मानकात स्विचला एका पोर्टवर १५.४ वॅटपर्यंत द्यावे लागतात. आठ पोर्टांचे झाले सव्वाशेच्या जवळपास. खोक्यावर "आठ पीओई पोर्ट, एकूण ६० वॅट" असं असेल तर आठही पोर्टांना एकदम भरपेट जेवण मिळणार नाही, हे आधीच समजून असा.

एवढं झाल्यावर आता खरी गोष्ट, वायर. मित्राला "उरलेले पैसे वायरीत घाल" म्हटलं ते यासाठी. स्विच बदलायला पाच मिनिटं लागतात, भिंतीतली वायर बदलायला गवंडी लागतो.

इथरनेटच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या. १०० एमबीपीएसला त्यातल्या दोनच जोड्या लागतात, गिगाबिटला चारही. आणि आपल्याकडे वायर जोडायला येणारे काही लोक सवयीने चारच तारा क्रिंप करतात. नेट चालतं, दिवा लागतो, माणूस पैसे घेऊन जातो. वेग मात्र ९४-९५ च्या वर कधीच जात नाही आणि शिव्या खातो स्विच. माझ्या ओळखीच्या एका घरात या कारणाने दोन स्विच बदलून झाले होते. मी जाऊन फक्त वायरीचं टोक उजेडात धरलं: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, हिरवा. बाकीच्या चार मागे दुमडून ठेवलेल्या. नवीन कनेक्टर लावला, ओळीने पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दुसऱ्या टोकालाही तसंच. दोन कनेक्टरांत काम झालं. तेव्हा काम करणारा माणूस घरातून जायच्या आधी लॅपटॉप लावून लिंक स्पीड बघा. १००० दिसलं तर चहा पाजा, १०० दिसलं तर परत बसवा.

वायर घेताना शुद्ध तांब्याची आहे का ते विचारा. वरून तांब्याचा मुलामा आणि आत अ‍ॅल्युमिनियम असलेली स्वस्त वायर सर्रास मिळते. तिचा रोध जास्त, ती मोडते लवकर आणि पीओईवर तापते. ब्लेडने तार खरवडली की आतून पांढरी निघते, दुकानातच कळतं. घरातल्या अंतरांना कॅट ५ई गिगाबिटसाठी पुरेशी आहे, पण भिंत फोडलेलीच आहे तर कॅट ६ टाका. विजेच्या वायरीच्या पाइपातून मात्र ओढू नका, वेगळा पाइप टाका, आणि प्रत्येक ठिकाणी एकाऐवजी दोन वायरी. वायरमनला हा वेडेपणा वाटतो. वाटू द्या.

पावसाळ्याचंही एक. गच्चीवरून किंवा शेजारच्या इमारतीतून तांब्याची वायर घरात येत असेल तर जवळ वीज पडल्यावर पोर्ट, कधी कधी आख्खा स्विच जातो. आता बऱ्याच घरांत फायबर येतं आणि काचेतून वीज धावत नाही, त्यामुळे हा धोका कमी झालाय. पण गच्चीवरच्या कॅमेऱ्याची वायर तांब्याचीच असते, हे विसरू नका.

साधा स्विच निर्दोष असतो असं मात्र नाही. एका दिवाळीच्या साफसफाईत कुणीतरी (नाव सांगत नाही) टेबलामागे लोंबकळणारं एक मोकळं टोक बघितलं आणि "वायर निघालीये वाटतं" म्हणून स्विचमध्ये खोचून टाकलं. त्या वायरीचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. झाला लूप. सगळ्यांसाठी असलेला एखादा निरोप एका पोर्टातून बाहेर जातो, दुसऱ्यातून आत येतो, पुन्हा सगळ्यांना पाठवला जातो. इथरनेटच्या निरोपावर "इतक्या फेऱ्यांनंतर फेकून द्या" असं काही लिहिलेलं नसतं, त्यामुळे तो मरतच नाही. काही सेकंदांत अख्खं नेटवर्क ठप्प आणि सगळे दिवे दिवाळीच्या माळेसारखे लुकलुकायला लागतात. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ साली शोधला, स्पॅनिंग ट्री नावाचा, आणि माझ्या चोवीस पोर्टवाल्याला तो येत होता. म्हणजे तो जागेवर असता तर त्या दिवशी काहीच झालं नसतं. हे कबूल करायलाच हवं. काही साध्या स्विचमध्येही लूप ओळखायची सोय असते, खोक्यावर दिसली तर तो आधी उचला.

त्या दिवशी मी पुन्हा गावाबाहेर होतो. पण यावेळी फोन लागला. मी म्हटलं, सगळ्या वायरी काढ आणि चिकटपट्टी वाचून एकेक लाव. ती म्हणाली, "अरे, एकीवर चिकटपट्टीच नाहीये." म्हटलं, तीच. चार मिनिटं लागली.

मित्राला हे सगळं सांगितलं नाही, पण स्विच आणि वायर एवढं सांगितलं. त्याने आठ पोर्टचा घेतला, कॅट ६ चं बंडल घेतलं, वेगळा पाइप टाकायला वायरमनला राजी केलं. फोटो पाठवला: दारामागे छान कोनाडा, सगळ्या खोल्यांतून आलेल्या वायरी तिथे गोळा झालेल्या, प्रत्येकीवर नाव. बघून समाधान वाटलं. मग जरा वेळाने फोटो पुन्हा मोठा करून पाहिला आणि लक्षात आलं की त्या कोनाड्यात प्लग पॉइंट नाही.

लगेच फोन लावला. प्लास्टर आदल्या दिवशीच झालं होतं.